चाव्यांची वही : जिनिंगच्या मेलच्या कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

सकाळीच आप्पांचा (जिनिंगच्या मालकांचा) फोन आला. ऑफिसातला मेल शुक्रवारपासून बंद. दुपारी अमळनेरच्या पारोळा रस्त्यावरच्या जिनिंगवर (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यावर) गेलो. दसरा होऊन चार दिवस झाले, कपाशी अजून ओली येते आहे, रेचे (सरकी काढणारी यंत्रं) दिवसभर चालत नाहीत. पण कोइमतूरच्या मिलला पहिल्या १०० गाठींच्या लॉटची यादी आणि टेस्ट रिपोर्ट आज जायलाच हवा होता. तो आप्पांच्या फोनवरून फोटो काढून पाठवला. वाचता येत नाही म्हणून मिलने परत मागितला.

जिभाऊ तीसेक वर्षं इथला हिशेब बघतात. माझ्यासमोर त्यांनी आउटलुकच्या (मेलच्या प्रोग्रॅमच्या) चौकटीत चार वेळा पासवर्ड टाकला. एका बोटाने, एकेक अक्षर ओठांत पुटपुटत. चारही वेळा चौकट परत आली. "मना पासवर्ड बरोबर शे, मंग हाऊ का बरं घेत नही?"

त्यांचा पासवर्ड खरोखर बरोबर होता. ब्राउझरमध्ये तोच टाकला तर जीमेल लगेच उघडलं. आउटलुकला मात्र तो चालणार नव्हता, आणि ही गोष्ट आजवर त्यांना कोणी नीट सांगितली नव्हती.

मग मागचं सगळं विचारत गेलो. डिस्पॅच बघणारा मुलगा सप्टेंबरात नोकरी सोडून सुरतेला गेला. भांडण वगैरे काही नाही, चांगली नोकरी मिळाली. पण जीमेलचा ओटीपी त्याच्या फोनवर जायचा. म्हणून दादांनी (आप्पांचे चिरंजीव) शुक्रवारी त्याला फोन करून कोड विचारला, मुख्य पासवर्ड बदलला आणि "आता ही ओटीपीची कटकट नको" म्हणून टू-स्टेप (पासवर्डनंतर कोड विचारायची दुसरी पायरी) बंदच करून टाकलं. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की मॉनिटरला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी मेली.

त्या चिठ्ठीवर सोळा अक्षरं होती, चार-चारच्या चार गटांत. तो अ‍ॅप पासवर्ड. म्हणजे मुख्य पासवर्डऐवजी एखाद्या प्रोग्रॅमला द्यायचा वेगळा पासवर्ड. जुन्या कॉम्प्युटरवाल्याने एकच बनवला होता आणि तोच पाच ठिकाणी टाकला होता. गुगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की त्या खात्याचे सगळे अ‍ॅप पासवर्ड आपोआप रद्द होतात. त्यामुळे पाचही ठिकाणं एकदम बंद पडली.

आज फक्त मिलचा मेल ब्राउझरमधून पाठवून दिला. बाकी नीट आखून करायचं ठरलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

आप्पांना समजेल असं कसं सांगावं, याचा काल रात्री बराच विचार केला. आज सांगितलं ते असं. मुख्य पासवर्ड म्हणजे वाड्याच्या दिंडीदरवाजाची चावी, ती मालकाच्याच कमरेला. आउटलुक, हिशेबाचं सॉफ्टवेअर, कॉपियर यांना आपण मेलच्या खोलीची वेगळी चावी करून देतो. ती अ‍ॅप पासवर्ड. एक हरवली तर तेवढीच रद्द करायची, दिंडीदरवाजाला हात लावायचा नाही.

पूर्वी याची गरज पडत नव्हती. ३० मे २०२२ पर्यंत साध्या जीमेल खात्यात एक सवलत होती, कुठल्याही प्रोग्रॅमला मुख्य पासवर्ड देऊन मेल उतरवता यायचा. गुगलने ती काढून घेतली. आता दोनच वाटा. एक तर प्रोग्रॅम गुगलची स्वतःची लॉगिन-खिडकी उघडतो, आपण तिथे परवानगी देतो आणि पासवर्ड त्या प्रोग्रॅमच्या हातात जातच नाही. याला ओऑथ म्हणतात. जुन्या प्रोग्रॅमला ही खिडकी उघडता येत नसेल, तर सोळा अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड.

आप्पांनी ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले. "कोणती चावी कोना हातमा शे, ते माले मालूम पाहिजे." पूर्ण कामाचा आराखडा या वाक्यात बसतो. वहीच्या पहिल्या पानावर मी तेच लिहून ठेवलं आहे.

मेल कुठून कुठून जातो ते फिरून पाहिलं. पुढच्या टेबलावर आउटलुक २०१३. जिभाऊंच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड, हाही मेलचाच प्रोग्रॅम. त्याच कॉम्प्युटरवर हिशेबाचं सॉफ्टवेअर, ते बिलं परस्पर मेल करतं. भाड्याने घेतलेला कॉपियर, तो कागद स्कॅन करून मेलने पाठवतो. आणि वजनकाट्याचा कॉम्प्युटर, तिथून काट्याच्या पावत्या जायच्या. शिवाय डिस्पॅचचा लॅपटॉप. त्यावर आजवर ब्राउझरच वापरत होते, पण प्रवासात रेंज नसते, म्हणून त्यावरही मेल उतरवून हवा आहे. आप्पांच्या फोनवर जीमेलचंच अ‍ॅप आहे, त्याला वेगळी चावी लागत नाही.

चिठ्ठी मॉनिटरवरून काढली. आप्पांच्या कपाटात विप्रोचे जुने शेअर-कागद आहेत. १९४५ साली ती कंपनी याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झाली, त्यामुळे अमळनेरात असे कागद जपून ठेवणारी घरं बरीच आहेत. त्यांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, कापडात गुंडाळून ठेवलेत. तीच काळजी या सोळा अक्षरांची घ्यावी, एवढंच मी त्यांना म्हटलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

अ‍ॅप पासवर्डचं पान उघडलं तर 'ही सेटिंग तुमच्या खात्यासाठी उपलब्ध नाही' असं उत्तर. अपेक्षितच होतं. टू-स्टेप चालू नसेल तर ते पान मिळतच नाही. आधी ते चालू केलं, या वेळी नंबर आप्पांचा.

एसएमएसवर मी भरवसा ठेवला नाही. रुईच्या गोदामात रेंज नसते आणि आप्पा अर्धा दिवस तिथेच असतात. त्यांच्या फोनवर ऑथेंटिकेटर अ‍ॅप टाकलं. ते दर ३० सेकंदांनी सहा आकडी नवा कोड दाखवतं आणि त्याला नेटवर्क लागत नाही. फोनचं घड्याळ बरोबर असलं की झालं. गोदामात उभं राहून करून पाहिलं, चाललं.

बॅकअप कोड छापून घेतले. दहा कोड, प्रत्येकी आठ आकडे, एक कोड एकदाच वापरायचा. पाकिटात घालून तिजोरीत. दादांनी कागदाचा फोटो काढायला फोन वर केला, त्यांना थांबवलं. फोन हरवला तर उपयोगी पडावेत म्हणून असलेले कोड फोनमध्येच ठेवायचे, तर उपयोग काय?

सुरतेच्या मुलाचा नंबर खात्यातून काढला आणि त्याला फोन करून तसं कळवलंही. त्याच्या नावावर उगाच संशय राहू नये.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज चाव्या केल्या.

पहिली चावी करताना नाव विचारतं. जुन्या चिठ्ठीच्या चावीचं नाव नुसतं 'मेल' असं होतं, म्हणून ती कुठे कुठे लावली हे कोणालाच कळत नव्हतं. आता यंत्राचं आणि जागेचं नाव घालायचं असा नियम केला. 'आउटलुक पुढचं टेबल'. मग सोळा अक्षरं समोर आली. ती एकदाच दिसतात, खिडकी बंद केली की परत कधीच नाही. जिभाऊ कागद-पेन घेऊन बसले होते. त्यांना सांगितलं, लिहून ठेवायची गरजच नाही. विसरली, हरवली तर जुनी खोडायची आणि नवी करायची, दोन मिनिटांचं काम. त्यांना हे पटायला वेळ लागला. तीस वर्षं प्रत्येक आकडा लिहून ठेवलेला माणूस.

आउटलुकमध्ये येणारा मेल आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३, एसएसएल. जाणारा एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ५८७, टीएलएस. (एसएसएल, टीएलएस म्हणजे मेल वाटेत कोणी वाचू नये म्हणून लावलेलं कुलूप.) जाणाऱ्या सर्व्हरलाही पासवर्ड लागतो ही खूण आठवणीने करायची. ती राहिली की मेल येतो पण जात नाही, आणि माणूस पासवर्डलाच दोष देत बसतो. मधल्या मोकळ्या जागा न ठेवता सोळा अक्षरं सलग टाकली. चौकट परत आली नाही.

जिभाऊंच्या थंडरबर्डला अ‍ॅप पासवर्ड दिलाच नाही. तिथे ओऑथ चालतं, गुगलची खिडकी उघडली, आप्पांनी स्वतः लॉगिन केलं, कोड टाकला. जिथे ही वाट आहे तिथे हीच घ्यावी असं माझं मत आहे. अ‍ॅप पासवर्डला दुसरी पायरी नसते. सोळा अक्षरं ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळा मेल, ओटीपी विचारला जात नाही.

डिस्पॅचच्या लॅपटॉपवरही थंडरबर्डच टाकलं, पण तिथे मी मुद्दाम उलटं केलं. ऑथेंटिकेशनमध्ये ओऑथ बदलून 'नॉर्मल पासवर्ड' केलं, येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही सर्व्हरना, आणि 'डिस्पॅच लॅपटॉप' नावाची वेगळी चावी दिली. कारण असं की ओऑथची परवानगी गुगलच्या यादीत 'थंडरबर्ड' या एकाच नावाने राहते. उद्या लॅपटॉप गेला आणि ती काढली, तर जिभाऊंचं थंडरबर्डही तुटेल. प्रवासात फिरणाऱ्या यंत्राची चावी इतरांना धक्का न लावता काढता आली पाहिजे. यावर दादांशी बराच वेळ बोलणं झालं, त्यांना पटलं.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरला तिसरी चावी. एका बिलाचा मेल स्वतःलाच पाठवून पाहिला, गेला.

प्रत्येक चावी बनली की खात्यात गुगलचा इशारा येतो, 'अ‍ॅप पासवर्ड तयार झाला' म्हणून. आप्पांना सांगितलं, हा इशारा आला आणि आपण काही केलेलं नसेल, तर रात्री बारा वाजता असलं तरी मला फोन करायचा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पूर्ण दिवस कॉपियरने खाल्ला.

त्याच्या छोट्या पडद्यावर अक्षरं टाकायची. एका बटणावर तीन-तीन अक्षरं, पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं, टाकल्यावर लगेच ठिपका होतं. काय टाकलं ते दिसत नाही. अ‍ॅप पासवर्डची अक्षरं सगळी लहान लिपीतली. तीन वेळा टाकलं, तीन वेळा नाकारलं. शेवटी कॉपियरला नेटवर्कवरून कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडलं आणि तिथून पेस्ट केलं. तरीही नाही. आता 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा वेगळाच दोष.

तासाभराने सापडलं. यंत्रातली तारीख २०१६ सालची होती. वीज गेली की घड्याळ मागे जातं, आणि ते कोणी लावत नाही, कारण झेरॉक्स काढायला तारीख लागत नाही. पण गुगलच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र कुठल्या तारखेपासून चालतं हे यंत्र तपासतं. २०१६ मध्ये उभं राहून पाहिलं तर ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. तारीख लावली, वेळ इंटरनेटवरून घ्यायची सोय चालू केली. पहिल्या झटक्यात मेल गेला. जिभाऊंनी स्कॅन केलेला सरकीचा सौदा-कागद माझ्या फोनवर आला, आडवा, पण स्वच्छ.

घरी आलो तरी मन लागेना.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी परत गेलो आणि काल केलेली कॉपियरची चावी खोडली.

कॉपियर भाड्याचा आहे. करार संपला की तो उचलून नेतील, त्याच्या पोटात आपली सोळा अक्षरं तशीच. कॉपियरला फक्त मेल पाठवायचा आहे, पण अ‍ॅप पासवर्डला तेवढीच मुभा देता येत नाही. ज्याने पाठवता येतं त्याने सगळा मेल वाचताही येतो. मिलचे भाव, बँकेची पत्रं, सगळं.

म्हणून कॉपियरसाठी वेगळं जीमेल खातं काढलं. त्यात काही नाही, कोणाशी पत्रव्यवहार नाही. टू-स्टेप आप्पांच्याच ऑथेंटिकेटरवर, त्याचा अ‍ॅप पासवर्ड कॉपियरमध्ये. स्कॅन तिथून निघून मुख्य खात्यात येतं. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

वजनकाट्याच्या जुन्या प्रोग्रॅमला नवी चावी दिलीच नाही. पावतीची फाइल आता सामायिक फोल्डरमध्ये पडते, जिभाऊ हवी तेव्हा जोडून पाठवतात. काट्यावरच्या कॉम्प्युटरपाशी दिवसभर ड्रायव्हर लोकांची ये-जा असते. तिथे मेल नाही हेच बरं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीनंतरचा पहिला दिवस. आउटलुक आणि लॅपटॉप दोन्हीकडे मेल अर्ध्यात थांबला आहे, असा फोन. खात्यात नऊ जीबीच्या वर मेल, दोन यंत्रं तो एकदम उतरवायला लागली. जीमेल आयमॅपवरून (बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये मेल उतरवायच्या वाटेने) दिवसाला २५०० एमबीच उतरवू देतं, त्यापुढे काही काळ दार बंद. पासवर्डचा काही दोष नव्हता, पण जिभाऊंनी तेवढ्यात दोनदा पासवर्ड बदलायचा विचार बोलून दाखवला होता. बदलला असता तर पुन्हा पहिल्यापासून.

जीमेलच्या सेटिंगमध्ये एका फोल्डरला ५००० पत्रांची मर्यादा घातली आणि 'ऑल मेल' आयमॅपमधून लपवलं, नाहीतर तेच पत्र दोन-दोनदा उतरतं. उद्या आपोआप सुरळीत होईल. मुख्य पासवर्डला कोणीही हात लावायचा नाही, असं पाटीवर लिहूनच लावलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

बाकीची खाती उरकली. आप्पांच्या धाकट्या भावाचं जुनं याहू खातं. तिथेही ओऑथ न येणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमला अ‍ॅप पासवर्डच लागतो, ऑक्टोबर २०२० पासून. झालं. दादांचं आयक्लाउड, अ‍ॅपल एका वेळी २५ असे पासवर्ड देतं, आपल्याला एक पुरला. तिथेही मुख्य पासवर्ड बदलला की सगळे रद्द, हे दादांना बजावलं.

जिभाऊंच्या स्वतःच्या हॉटमेलला मात्र अ‍ॅप पासवर्डने काही होणार नाही. मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या घरगुती खात्यांना नुसत्या पासवर्डचं लॉगिन बंद केलं, फक्त ओऑथ. आउटलुक २०१३ ला ते येत नाही. खातं थंडरबर्डमध्ये हलवलं. मायक्रोसॉफ्टचाच प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टचा मेल उघडत नाही, हे त्यांना समजावताना अर्धा तास गेला. मी तरी दुसरं कारण काय सांगणार, प्रोग्रॅम जुना झाला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी १:४० ला फोन. डिस्पॅचचा नवा मुलगा जळगावला उतरला आणि लॅपटॉपची बॅग गाडीत वरच्या फळीवर राहिली. गाडी भुसावळकडे निघून गेलेली. मुलगा रडकुंडीला आलेला, आवाज फुटत नव्हता. त्याला म्हटलं, आधी स्टेशनवर तक्रार दे, मेलचं मी बघतो.

आप्पा गोदामात होते. फोनवरूनच त्यांना खात्याच्या अ‍ॅप पासवर्डच्या पानावर नेलं. यादीत तीन नावं. 'आउटलुक पुढचं टेबल', 'हिशेब सॉफ्टवेअर', 'डिस्पॅच लॅपटॉप'. तिसऱ्यापुढच्या कचरापेटीवर बोट. पाठोपाठ ब्राउझरमध्ये लॉगिन राहिलं असेल म्हणून डिव्हाइसच्या यादीतून तो लॅपटॉप साइन-आउट केला. १:५२ ला काम संपलं. त्याच वेळी जिभाऊंनी बिल पाठवलं, गेलं. आउटलुकमध्ये मिलचा मेल आला. बाकीच्यांना कळलंही नाही.

गेल्या महिन्यात हेच घडलं असतं तर पाचही ठिकाणी पुन्हा नवी चिठ्ठी, आणि आता हंगाम भरात आहे, फाटकाबाहेर कपाशीच्या गाड्यांची रांग.

तरी एक गोष्ट आप्पांपासून लपवली नाही. चावी खोडल्याने नवा मेल बंद झाला. पण जो आधीच उतरून लॅपटॉपच्या डिस्कवर बसला आहे, तो तिथेच आहे. विंडोजला पासवर्ड होता, पण डिस्क काढून दुसरीकडे लावली तर तो काही अडवत नाही. डिस्क एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशी) करायला हवी होती. माझ्या यादीत ती ओळच नव्हती. आप्पा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, मिलला आणि बँकेला आपणच कळवू. संध्याकाळी दोन्ही पत्रं गेली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बॅग मिळाली नाही. नवा लॅपटॉप घेतला. पहिलं काम, डिस्क एन्क्रिप्शन चालू. त्याची रिकव्हरी-की छापून तिजोरीतल्या त्याच पाकिटात. मग थंडरबर्ड, त्यातले साठवलेले पासवर्ड उघडून बघता येऊ नयेत म्हणून प्रायमरी पासवर्ड. मेल फक्त ३० दिवसांचा उतरवायचा. मग चावी.

मुलाला शेजारी बसवून त्याच्याच हाताने सगळं करून घेतलं. त्याच्या मनातून ती बॅग जात नाही, दिसतं.

जाता जाता ऑफिसातल्या सगळ्यांना एक सांगितलं. अ‍ॅप पासवर्ड कोणालाही, कुठल्याही कारणाने, फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायचा नाही. 'सरकारी खात्यातून बोलतोय, हा पासवर्ड बनवून आम्हाला पाठवा' असं गोड बोलून लोकांकडून अ‍ॅप पासवर्डच काढून घेणारी टोळी परदेशात पकडली... असं मी आधी लिहिलं होतं, ते खोडतो. पकडली नाही, गुगलच्या सुरक्षा पथकाने जून २०२५ मध्ये तो प्रकार उघड केला. ओटीपी देऊ नये हे आता सगळ्यांना पाठ आहे. ही सोळा अक्षरं त्याहून घातक, कारण ओटीपी थोड्या वेळात मरतो आणि ही खोडेपर्यंत जिवंत राहतात.

६ डिसेंबर, शनिवार

वही आप्पांच्या ताब्यात दिली. लाल कापडी बांधणीची, हिशेबाच्या वह्यांसारखीच. त्यात पासवर्ड एकही नाही. रकाने चारच: चावीचं नाव, यंत्र, कोणाच्या हाती, कधी केली. खोडलेल्या चावीवर आडवी रेघ आणि रेघेपुढे तारीख. कॉपियरच्या ओळीत मी पेन्सिलने 'करार संपताना चावी खोडणे, मग यंत्र देणे' असं लिहिलं होतं, जिभाऊंनी ते शाईने गिरवलं.

शेवटची ओळ आप्पांनी चष्मा लावून स्वतः लिहिली. 'डिस्पॅच लॅपटॉप दोन, २४ नोव्हेंबर २०२५.' 'कोणाच्या हाती' या रकान्यात त्या मुलाचं नाव घातलं, वही त्याच्यापुढे सरकवली आणि त्याची सही घेतली.